कापसाच्या खोलीतला पडदा : दसरा ते संक्रांत

राजेहो, आकडा आधी सांगून टाकतो. दसऱ्याला ठरवलं होतं, संक्रांतीपर्यंत शनिवारच्या रात्री घरच्या पडद्यावर वीस सिनेमे पाहायचे. झाले चौदा. त्यातले दोन अर्धे सोडले, एक झोपेत पाहिला, म्हणजे खरे अकरा. मधला एक आठवडा हरभऱ्याच्या ओलितात गेला. मोटारीची लाईन रात्रीची होती, त्यामुळे शनिवारी मी पडद्यासमोर नाही, विहिरीवर होतो. तेवढी सूट द्या.

पण या वेळची खरी बातमी सिनेमांची नाही, आवाजाची आहे. मागच्या वर्षभर मी आमच्या पडद्याच्या खोलीचं रडगाणं गात होतो. बारा बाय अठराची खोली, वर टिनाचे पत्रे, खाली फरशी. नट एकदा बोलायचा, पत्रा दुसऱ्यांदा बोलायचा. चादरी लावून पाहिल्या, अंड्यांचे ट्रे ठोकून पाहिले. ट्रेमुळे एवढंच झालं की पाहुणे विचारू लागले, कोंबड्या कुठं आहेत?

मग सीतादही, म्हणजे वेचणीआधीची वावरातली पूजा झाली, वेचणी सुरू झाली आणि कापूस नेहमीप्रमाणे त्याच खोलीत येऊन पडू लागला. २०२५-२६च्या या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता आणि दारात येणारा व्यापारी त्याच्या बराच खाली, म्हणून विकायची घाई केली नाही. दिवाळीनंतर मागची भिंत आणि डावी बाजू छातीइतकी भरली. बावीस क्विंटल. त्या शनिवारी सहज पडदा लावला तर आवाज एकदम कोरडा, स्वच्छ. कुजबूज ऐकू यायला लागली. सुट्टा कापूस आवाज पिऊन टाकतो, परत येऊ देत नाही. ढोलाचा खालचा दणका मात्र त्याला झेपत नाही, तो पत्र्याला थरथरवतोच. पण माणसाचं बोलणं? शहरातले लोक यासाठी फोमच्या गाद्या विकत घेतात म्हणे.

फुकट काहीच मिळत नाही, तसं इथंही झालं. प्रोजेक्टर जुनाच आहे, नागपूरला सीताबर्डीत वापरलेला घेतला होता. खोक्यावर लिहिलेले ल्युमेन्स (उजेडाचं माप) कधीच खरे मानू नका, हे मी शिकलो तेही त्याच्यावरच. तिसऱ्या शनिवारी दीड तासानं तो आपोआप बंद पडला. खोलून पाहतो तर हवा आत घेणाऱ्या जाळीवर कापसाच्या तंतूंचा बोटभर जाड नमदा. उजेडाच्या झोतात ते तंतू तरंगताना मी पाहिले होते, बर्फ पडल्यासारखे. मुलीला म्हणालो सुद्धा, बघ किती छान दिसते. ते छान दिसणारं सगळं मशीनच्या पोटात चाललं होतं. शिवाय तापलेलं मशीन आणि बावीस क्विंटल कापूस एका खोलीत. बायकोनं नुसतं पाहिलं माझ्याकडं. काही बोलली नाही.

मच्छरदाणीचा तुकडा बांधून पाहिला, तर गरमी आणखी वाढली. शेवटी उपाय सापडला तो असा : मशीन खोलीबाहेर ओसरीत ठेवलं आणि खिडकीतून आत झोत सोडला. तंतू बंद, गरमी बंद, पंख्याची घरघरही भिंतीबाहेर. अंतर वाढल्यामुळे चित्र मोठं झालं आणि जरा फिकं पडलं, ते चालवून घेतो. खिडकीचे दोन गज आड येत होते, ते कापले. ज्यांच्याकडे छोटी खोली आहे त्यांनी हे करून पाहाच.

आता सिनेमे. आवाज स्वच्छ झाल्यामुळे यंदा मी डोळ्यांपेक्षा कानांनीच जास्त पाहिले, त्यामुळे मतंही तशीच आहेत.

पहिला ‘गाभ्रीचा पाऊस’, सतीश मनवरांचा, २००९चा. मी पूर्वी मोबाईलवर पाहिला होता, म्हणजे पाहिलाच नव्हता. या नावातच शिवी आहे, आणि ती पावसाला घातलेली आहे, हे आपल्याकडं कोणाला समजावून सांगावं लागत नाही. गिरीश कुलकर्णीचा किसना, सोनाली कुलकर्णीची अलका. शेजारच्यानं जीव दिल्यावर अलकाला धास्ती बसते आणि ती आपल्या लहान पोराला बापाच्या मागं लावून देते, लक्ष ठेव म्हणून. एवढ्या एका गोष्टीवर अख्खा सिनेमा उभा आहे, आणि यात हसूही येतं, हे त्याचं मोठेपण. वऱ्हाडी बोलायला बाहेरचे नट ‘मले-तुले’ पटकन शिकतात. पण आपल्याकडं पुरुषही ‘तो येते, तो जाते’, हे त्यांच्या जिभेला वळत नाही. मी त्यासाठीच कान लावून बसलो होतो. फारसं खटकलं नाही. मायची परीक्षा माझ्यापेक्षा कडक. ज्योती सुभाष म्हातारीच्या कामात आहेत, त्यांना ऐकून तिनं विचारलं, “हे बाई आपल्याइकडची होय का?” नाही म्हटलं. “मंग शिकली बापा चांगली.” यापेक्षा मोठा पुरस्कार आमच्या घरात मिळत नाही.

शेजारचे काका अर्ध्यातून उठले. बैलांना कडबा टाकून येतो म्हणाले. परत आले नाहीत, मीही बोलवायला गेलो नाही.

त्यानंतर ‘परफेक्ट डेज’, २०२३चा, विम वेंडर्सचा. टोकियोत सार्वजनिक संडास साफ करणाऱ्या माणसाचा रोजचा दिवस. कोजी याकुशोला यासाठी फ्रान्सच्या कान महोत्सवात उत्तम नटाचा मान मिळाला. परदेशी सिनेमाला आमच्याकडं एक अडचण असते, मायला खालची अक्षरं वाचता येत नाहीत. म्हणून आठवीतली मुलगी मोठ्यानं वाचते, आणि वाचता वाचता वऱ्हाडी करून टाकते. जपानी माणूस “कायले जाऊन राह्यला?” म्हणतो तेव्हा मजा असते. पण हा माणूस बोलतच नाही! मुलीला कामच उरलं नाही, ती कापसाला टेकून झोपली.

या माणसाला रोज पहाटे जाग येते ती गल्लीत कोणीतरी बाई खराट्यानं झाडते त्या आवाजानं. पडद्यावर ती नीट दिसण्याआधीच खर्र खर्र सुरू होतं. माय एकदम सावरून बसली, दाराकडं पाहू लागली. “राती कोन झाडून राह्यलं वं अंगन? लक्ष्मी जाते.” मी पडद्याकडं बोट दाखवलं. तिचा विश्वास बसेना. दुसऱ्यांदा तो आवाज आला तेव्हा ती हसली, आणि तिसऱ्यांदा म्हणाली, “उठन आता तो.” आणि तो उठला. त्याच्यानंतर शेवटपर्यंत ती हलली नाही. तो संडासाच्या कडेखाली आरसा धरून पाहतो, कुठं डाग राहिला का, ते तिला फार पटलं. मला शेवट जरा जास्त गोड वाटला, आणि गरिबीतलं समाधान दुरून दाखवायला सोपं असतं असंही वाटलं. पण यंदाच्या अकरात आवाजासाठी पहिला नंबर याचाच. हेडफोन लावून पाहा, नाहीतर कापूस आणा.

‘झुंड’बद्दल थोडक्यात, कारण तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिलाच असेल. नागराज मंजुळे, २०२२. नागपूरच्या विजय बारसे सरांच्या झोपडपट्टी फुटबॉलवरून. पोरं नागपूरची, बोलण्यातला ‘बे’ नागपूरचा, त्यामुळे पहिला भाग नुसता पळतो. सर झालेला अमिताभ शांत राहतो हे बरं करतो. आंबेडकर जयंतीच्या मिरवणुकीत डीजे वाजतो तिथं पत्रे असे थरथरले की शेजारून निरोप आला. लांबी तीन तासांना जराशीच कमी, आणि उत्तरार्धात ती जाणवते. तरी ज्या जागी आमची खोली गप्प झाली ती फुटबॉलची नव्हती. रिंकू राजगुरूच्या बापाला पोरीच्या पासपोर्टसाठी कागद गोळा करत या दारातून त्या दारात फिरावं लागतं, ती होती. जातीचा दाखला काढलेला प्रत्येक माणूस ते दृश्य बसून नाही, रांगेत उभा राहूनच पाहतो.

‘शेरनी’वर आमच्याकडं भांडण झालं. अमित मसुरकर, २०२१, विद्या बालन वनाधिकारी. जंगल मध्य प्रदेशातलं दाखवलं आहे, पण यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या कळंब तालुक्यात बसून हा सिनेमा कोणी परका म्हणून पाहू शकत नाही. शेजारच्या राळेगाव तालुक्यात अवनी वाघिणीला २ नोव्हेंबर २०१८च्या रात्री गोळी घातली, तेव्हा वेचणीचेच दिवस होते. त्या हंगामात आमच्या बायका टोळीनं वावरात जायच्या आणि चार वाजता डबे वाजवत परत यायच्या. तेरा माणसं तिच्या नावावर लावली गेली होती. सिनेमातल्या वाघिणीला दोन बछडे, तिलाही दोन. काकांनी ते लगेच पकडलं.

सुरुवात झकास आहे : कॅमेरा चालतो का हे पाहायला खात्याचा एक माणूस चार पायांवर वाघासारखा चालतो. सगळे हसले. पुढं माझं मत असं झालं की सिनेमा फार संयमी आहे, वाघीण थोडीच दाखवतो, आणि कचेरीतली माणसं एकमेकांशी कशी गुळमुळीत बोलतात हे अचूक पकडतो. काका म्हणाले, “साहेबाइचं सारं ऐकू आलं. जे मेले त्याइच्या घरचं काय ऐकू आलं?” मी वाद घातला. विजय राजचा प्राध्यापक आहे, गावातली माणसं आहेत, राजकारण आहे. पण त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर मोजून पाहिलं, तर काकांचं बरंच खरं होतं. माझ्या वहीत आठ गुण होते, खोडून सात केले.

दूध सोसायटीवरचा ‘मंथन’ (१९७६) पाहिला तो गुजरातच्या पाच लाख शेतकऱ्यांनी दोन-दोन रुपये काढून केलेला सिनेमा म्हणून. दहा लाखांत श्याम बेनेगलांनी काय काय उभं केलं! २०२४ मध्ये याची नवी करून घेतलेली प्रत कान महोत्सवात दाखवली गेली. मला मिळाली ती जुनी, पावसासारख्या रेघा असलेली. प्रीती सागरचं गाणं सुरू झालं आणि बायको म्हणाली, हे तर दुधाच्या जाहिरातीतलं. दुधाचं फॅट मोजण्यावरून चाललेली खेचाखेची पाहून भावानं आपल्या डेअरीची आठवण काढली, ती इथं लिहीत नाही.

अर्धे सोडलेले दोन्ही ‘शेतकऱ्यांवरचे’ होते. नावं घेत नाही. एकात नायकाचं धोतर इतकं पांढरं की काका म्हणाले, वाफशाच्या दिवसात असा माणूस दिसला तर तो सोयरिकीला आलेला असतो. कपाशीच्या झाडाला बोंडं आहेत आणि शेजारच्या शेतात ज्वारी नुकती उगवते आहे, असंही एका चौकटीत होतं. बंद केला.

बाकीच्यांबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

नव्या वर्षाच्या पहिल्या आठवड्यात कापूस गेला. अंगाला खाज सुटायला लागली होती, ओलावाही बेताचा झाला होता, आणि पैसेही लागत होते. पिकअप दोनदा आली, खोली झाडून काढली. घरात सगळे खुश, मी एकटा भिंतीकडं पाहत उभा.

त्या शनिवारी मुद्दाम ‘कोर्ट’ लावला, चैतन्य ताम्हाणेचा २०१४चा. लोकशाहीर नारायण कांबळे झालेले वीरा साथीदार आपल्या नागपूरचे, एप्रिल २०२१ मध्ये कोरोनानं गेले. मी तो चौथ्यांदा पाहत होतो. मला यात सगळ्यात आवडते ती गीतांजली कुलकर्णीची सरकारी वकील. ती कोर्टात कलमांमागून कलमं एका सुरात वाचते आणि घरी जाऊन सगळ्यांचा स्वयंपाक करते. त्याच सुरात, असं मला वाटतं. पण या वेळी तिचं प्रत्येक कलम पत्र्यानं एकदा पुन्हा वाचलं. सुनावणी आपल्याकडं दुप्पट लांबली. मायनं दहा मिनिटं ऐकलं आणि म्हणाली, “हे सारे इहिरीतून बोलून राह्यले काय?”

गोधड्या आहेत घरात सात. चार भिंतीला टांगल्या, फरक पडला, पण थंडी आहे, रात्री त्या परत काढून द्याव्या लागतात. तूर कापून खळ्यावर आली आहे. मळणी झाली की पोती त्याच खोलीत रचणार. पोती काय आवाज पिणार, पण आडवी रचली तर काही फरक पडतो का, ते पुढच्या शनिवारी लावून पाहतो.