किम जी-सू नसलेली मॅच

मी फुटबॉलचा डेटा भरते. पुण्यात, नाईट शिफ्टला. आमच्या आत्याला वाटतं मॅच बघायचे पैसे मिळतात, दर दिवाळीला विचारते की आमच्या ह्यांना पण चिकटव कुठेतरी. खरं काम असं की एका मॅचला दोन टॅगर, एकेकाला एक टीम, कोणी बॉलला शिवलं की त्याचं बटण दाबायचं आणि मैदानाच्या नकाशावर जिथे शिवला तिथे क्लिक करायचं, असे दीड-दोन हजार इव्हेंट्स होतात एका मॅचचे आणि नंतर चेकर अख्खी मॅच परत बघतो. म्हणजे आम्ही मॅच बघतच नाही, बॉल बघतो. नव्वद मिनिटं संपल्यावर कोण भारी खेळलं असं विचारलंत तर टॅगर तुमच्या तोंडाकडे बघेल.

२५ एप्रिल २०२४. दोह्याला अंडर-२३ आशियाई कपची (पॅरिस ऑलिंपिकची पात्रता स्पर्धाही हीच) क्वार्टर फायनल, दक्षिण कोरिया विरुद्ध इंडोनेशिया, आपल्याकडे रात्री अकराला सुरू. कोरिया माझ्याकडे होता कारण कोरियन नावं ऑफिसात मीच सांभाळते, अर्धी टीम किम आणि ली असते, बाकीचे वैतागतात. नेहमीसारखी लाईनअप लोड केली आणि त्यात किम जी-सू नव्हता, माझा आवडता सेंटर बॅक, म्हणजे मागे मधोमध उभा राहणारा बचावपटू. नसणार हे माहीत होतंच, तरी ती यादी बघून कसंतरी झालं.

हा पोरगा डिसेंबर २००४ चा. सोंगनाम एफसीकडून २०२२ मध्ये सतराव्या वर्षी के लीग १, म्हणजे कोरियाची सगळ्यात वरची लीग खेळला, आणि टीम कसली तर त्या सीझनला तळाला राहून खालच्या लीगमध्ये गेलेली. कोचने मध्येच राजीनामा दिला, क्लब शहराच्या मालकीचा आणि त्या वर्षी महापौरच क्लब विकायच्या गोष्टी करत होते. सात वेळा लीग आणि दोनदा आशियाई क्लब स्पर्धा जिंकलेला क्लब हा! आणि मागे सेंटर बॅकला हा शाळकरी. तेव्हा कोरियात अंडर-२२ चा नियम होता, तरुण पोरं खेळवली नाहीत तर तुमचे सबस्टिट्यूशन कापायचे, म्हणून काही कोच काय करायचे तर पोराला स्टार्ट द्यायचे आणि पंधरा-वीस मिनिटांत बाहेर बोलवायचे. आम्हाला ते टॅग करताना चीड यायची, चार पास आणि गडी बाहेर. कागदावर नियम पाळला, पोराचा खेळ गेला खड्ड्यात. पण ही चलाखी बहुतेक विंगर-स्ट्रायकरवर चालायची, सेंटर बॅक विसाव्या मिनिटाला कोण बदलणार. जी-सू खेळायचा तो खेळायचाच.

त्याचं मला आवडायचं ते एकही आमच्या शीटमध्ये येत नाही. फुलबॅक (कडेचा बचावपटू) पुढे गेला की त्याच्यामागची जागा आधीच जाऊन झाकणं, बचावाची लाईन दोन पावलं वर घेणं, स्ट्रायकरकडे पास टाकायचा विचारच समोरच्याने सोडून द्यावा अशा जागी उभं राहणं, याला आमच्याकडे बटणच नाही. प्रत्येक खेळाडूची जागा टिपणाऱ्या ट्रॅकिंग कॅमेऱ्यांवर हे सगळं मिळतं, पण आम्ही टीव्ही फीडवरून भरणारे, आणि फीडचा डायरेक्टर बॉल चालू असताना कोचच्या कपाळावरचा घाम दाखवत बसतो. घरी रात्री गॅसचा कॉक कोणी बंद केला हे कोण लिहून ठेवतं? स्फोट झाला तरच नाव येतं. सेंटर बॅकचं डिट्टो तसं.

२०२३ च्या अंडर-२० वर्ल्डकपला हे फारच दिसलं. अर्जेंटिनात कोरिया चौथा आला. गोलकीपर किम जून-होंग तेव्हा गिमचॉन सांगमूचा, म्हणजे चक्क लष्करी सेवेत, जी-सूच्या जोडीला चोई सॉक-ह्यॉन, युनिव्हर्सिटीत शिकणारा. आणि चोईने इक्वेडोरविरुद्ध हेडर मारून ३-२ मधला तिसरा गोल केला, परत नायजेरियाविरुद्ध एक्स्ट्रा टाईममध्ये हेडरनेच १-०. त्याची ओळ नुसती चमकतेय. शेजारी जी-सूची ओळ म्हणजे पास, पास, क्लिअरन्स, पास. आमचा शिफ्ट लीड (एक्सेल छान येतं, फुटबॉल विचारू नका) म्हणाला, हा काय करतो नक्की? जून २०२३ च्या शेवटी ब्रेंटफर्डने, म्हणजे इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधल्या क्लबने, त्याला साईन केलं. म्हणजे तिकडे कोणीतरी शीटच्या बाहेर बघत होतं.

असो, दोहा. ही स्पर्धा फिफा विंडोमध्ये (देशाकडून खेळण्यासाठी राखलेल्या तारखांत) नव्हती, त्यामुळे खेळाडू सोडायचं क्लबवर बंधन नाही. जी-सूचं नाव आधी टीममध्ये होतं, ब्रेंटफर्डने सोडलं नाही, त्याच्या जागी पोहांग क्लबचा एक मिडफिल्डर घेतला. सेंटर बॅकच्या जागी मिडफिल्डर! त्यात स्पर्धा चालू असताना अजून एक सेंटर बॅक दुखावला. इंडोनेशियासमोर मागे तिघे उभे केले, त्यातला ली कांग-ही मिडफिल्डलाही खेळणारा.

पंधराव्या मिनिटाला इंडोनेशियाच्या स्ट्राउकचा लांबून गोल. कोरियाने इंडोनेशियाच्या ओन गोलवर बरोबरी केली आणि हाफटाईमच्या तोंडावर एक लांब बॉल आला, कोण घेणार हे मागच्यांचं ठरेना आणि स्ट्राउक मधून घुसला, २-१. हाच तो क्षण ज्याच्यावरून ऑफिसात राडा झाला. आमच्या मॅन्युअलप्रमाणे गोलला कारणीभूत चूक असेल तर 'एरर' टाकायची आणि ती एका खेळाडूच्या नावावर. एकाच. चेकर म्हणाला ली कांग-ही, मी म्हटलं दोघांमधली गफलत आहे, एकाच्या गळ्यात कशी घालू, रात्री साडेबाराला आम्ही तो तुकडा फिरवून फिरवून बघतोय आणि तिकडे सेकंड हाफ सुरू झालेला. लीड म्हणे नाव टाक आणि पुढे चल, क्लायंटला रिकामा कॉलम चालत नाही.

टाकलं नाव.

पुढे तर कहरच. ली यंग-जूनला रेड, दहा जणांत जोंग सांग-बिनने ८४ व्या मिनिटाला २-२ केलं, मग कोच ह्वांग सन-होंगलाही रेड, मग एक्स्ट्रा टाईम, मग पेनल्टी. पाचव्या किकला कोरियाच्या कीपरने इंडोनेशियाच्या ह्युबनरचा शॉट अडवला, तिथेच कोरिया जिंकला होता, पण त्याने रेषा सोडली होती म्हणून किक परत घ्यायला लावली. टॅगरसाठी हे नरक असतं, टाकलेला सेव्ह पुसायचा, क्रम परत लावायचा आणि तोवर पुढचा धावत सुटलेला. बारा-बारा किक गेल्या. कोरियाचा बारावा कोण, तर तोच ली कांग-ही, ज्याच्या नावावर मी एरर टाकून बसले होते. चुकला. इंडोनेशियाच्या अरहानने मारली, ११-१०. १९८८ पासून सलग ऑलिंपिक खेळलेली टीम पॅरिसला गेलीच नाही.

आणि कोरियन पोरांसाठी ऑलिंपिक म्हणजे फक्त ऑलिंपिक नसतं. मेडल, कुठलंही, मिळालं की दीड वर्षाच्या लष्करी सेवेतून सूट. एशियन गेम्सला मात्र सोनंच लागतं. किम मिन-जेला ती सूट २०१८ च्या सोन्यावर मिळाली आणि पुढे नापोली, बायर्न सगळं सलग झालं. २०२३ च्या हांगझोऊ एशियन गेम्सला सोनं आलं तेव्हा जी-सू टीममध्ये नव्हता. म्हणजे दोह्याला क्लबने एका पोराला थांबवून धरलं ते त्याच पोराच्या करिअरमधली दीड वर्षं पणाला लावून. क्लबला दोष तरी काय देणार, पगार ते देतात. पण त्या अख्ख्या सीझनला त्यांनी त्याला प्रीमियर लीगचं एक मिनिट दिलं नव्हतं हेही खरंच. आणि तो दोह्याला असता तर तो लांब बॉल काढलाच असता असंही मी छातीठोक सांगू शकत नाही, वर्षभर बी टीममध्ये खेळलेला पोरगा. फक्त तो कोणाचा बॉल हे ओरडून सांगणारं एक माणूस तिथे असतं असं मला अजून वाटतं.

ती मिनिटं शेवटी २७ डिसेंबर २०२४ ला मिळाली, ब्रायटनला, ०-० असताना बदली म्हणून. प्रीमियर लीग खेळलेला पहिला कोरियन सेंटर बॅक, विसावा वाढदिवस होऊन तीन दिवस झालेले. मग २०२५-२६ साठी कायझर्सलाउटर्नला लोनवर गेला, जर्मनीच्या दुसऱ्या लीगमध्ये. तिथल्या फीडवर मागची लाईन जरा तरी दिसते.

सप्टेंबर २०२६ च्या नागोयाच्या एशियन गेम्सला तो वयात बसतो. क्लबने सोडायला हवं पण, तिथेही सक्ती नाहीच. मी लीडला म्हटलं होतं की टीममध्ये निवडलेला पण क्लबने न सोडलेला खेळाडू असा एक साधा कॉलम टाकूया, कोणीतरी वापरेल. म्हणाला, त्याचे पैसे कोण देणार. ली कांग-हीची एरर मी दोनदा रिव्ह्यूला टाकली. दोन्ही वेळा 'व्हॅलिड' म्हणून परत आली.