रत्नागिरीत, मिरकरवाड्याच्या जेटीवर, मार्चात

रविवार. कुरवांच्या, म्हणजे सीगलच्या, डोक्यांवर रंग चढायला लागलाय. थंडीभर पांढरी डोकी, डोळ्यामागे काळसर ठिपका, एवढीच काय ती ओळख. आता कुणाचा गाल तपकिरी, कुणाचा नुसता माथा, तर कुणी अर्धी दाढी करून न्हाव्याच्या खुर्चीतून उठल्यासारखा. थोड्याच दिवसांत हे लडाख-तिबेटकडच्या तलावांवर विणीसाठी निघतील.

पक्षी बघायला लोक आंबोलीला जातात. जाऊ देत. इथे डिझेलचा वास आणि पायाखाली खवले असले, तरी ब्राह्मणी घार हाताच्या अंतरावरून जाते.

एक ट्रॉलर लागला होता. खलाशी (बहुतेक नेपाळी पोरं) क्रेट वर देत होते, थोडी तारली पाण्यात सांडली. कुरव आधी भांडले, मग पाण्यावर बसले, मग पुन्हा भांडले. घार बसत नाही. विटकरी पाठ, पांढरंशुभ्र डोकं; तिरकी खाली येते, पाण्याला फक्त नखं लागतात. मग उडता उडताच पाय चोचीकडे नेऊन मासा खाते. एक माझ्या डोक्यावरूनच गेली, नखांत तारलीची शेपटी अजून हलत होती.

"घारींचे फोटो काढतोस, बांगडं कोन घेनार?" बांगड्यांच्या पाटीमागून मासेवाली मावशी.

शेजारी उभे असलेले एक काका म्हणाले, एवढ्या घारी म्हणजे समुद्रात मासळी मुबलक. मला काही हे पटत नाही. जेटीवर घारी जास्त म्हणजे सांडलवंड जास्त, एवढंच. टबात बांगड्याची बोटाएवढी पिल्लं होती, ती फिशमीलला जाणार. पुढच्या वर्षीचा बांगडा यंदाच भुकटी होतोय, आणि त्यातलं सांडलेलं खाऊन घारी गुबगुबीत दिसतात.

1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. तेव्हा जेटी ओस पडते, आणि घारी मला भाट्याच्या खाडीवर नाहीतर चिकनच्या दुकानांमागे दिसतात. मावशींना विचारलं, पावसात या इथल्या घारी काय खात असतील?

"आमी काय खातो? सुकट. त्यांना पन कायतरी गावत असंल. तू बांगडं घेतोस का सांग."

घेतले.