पंचविशीचा अभंग : नाममुद्रेपाशी अडले होते

येत्या जूनमध्ये लग्नाला पंचवीस वर्षं होतील. त्या दिवशी ह्यांच्यासाठी स्वतः रचलेलं म्हणायचं, असं संक्रांतीलाच ठरवलं. लग्नातला उखाणा मावशीने पढवलेला होता. कोणाच्याही नवऱ्याला चालला असता.

सुरुवात दशपदीने केली. दहा ओळींचा हा प्रकार कवी अनिलांनी रूढ केला, आणि ते आपल्या नागपुरात राहिलेले, म्हणून ओढ होती. पण दहा ओळी मिळाल्या की माझं लिहिणं पसरतं. मग मोठा अभंग धरला : तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चारच अक्षरांचा, यमक दुसऱ्या-तिसऱ्याला. जोडाक्षर एकच मोजायचं. सकाळी फुटाळा तलावावर फिरताना बोटांवर मोजत असे.

पहिला खर्डा :

तुझ्या सोबतीने । जीवन फुलले ।
सुख सापडले । धन्य झाले ॥

अक्षरं बरोबर, यमक बरोबर. पण यात ना हे आहेत, ना मी. फाडून टाकला.

मग मे लागला. पारा ४५ च्या घरात. मध्यरात्री कूलरची टाकी कोरडी पडते आणि नुसत्या झळा येतात. हे उठतात, दिवा न लावता बादली आणतात. इतकी वर्षं तो पाण्याचा आवाज मी अर्ध्या झोपेत ऐकत आलेय.

कूलरात पाणी । भरतोस रात्री ।
एवढीच खात्री । पुरे मला ॥

‘खात्री’ हा शब्द यमकाने हाती दिला. मी शोधत बसले असते तर ‘प्रेम’वरच थांबले असते. (घरात मी ह्यांना अहो-जाहो करते. पण अभंगात विठोबालाही ‘तू’च म्हणतात, म्हणून धीर केला.)

आता नाममुद्रा. ‘तुका म्हणे’, ‘नामा म्हणे’ तसं शेवटी माझं नाव हवं. पण कोणतं? लग्नात ह्यांनी ताटातल्या तांदळात अंगठीने माझं नवं नाव लिहिलं, ते तीन अक्षरी. त्यापुढे ‘म्हणे’ आलं की चरणात एकच अक्षर उरतं, काही बोलताच येत नाही. माहेरचं नाव दोन अक्षरी. गच्चीवर ते लावून चरण मोठ्याने म्हटला आणि खालीच बसले. त्या नावाने आता फक्त भाऊ हाक मारतो.

त्यातून हे कडवं आलं :

तुझे नाव घेता । माझे विसरले ।
आता आठवले । तुझ्यापाशी ॥

आधी शेवटी ‘अर्ध्या वाटे’ होतं. त्यात तक्रारीचा सूर लागत होता, आणि तक्रार मला करायची नव्हती. दोन दिवस ते चार अक्षरांचं घर रिकामं ठेवलं. ‘तुझ्यापाशी’ आलं तेव्हा हे शेजारीच पेपर वाचत होते. म्हणाले, “काऊन, बोटं काय मोजून राहिली?”

नाममुद्रेचं कडवं कालच जमलं. ते इथे देत नाही. आधी ह्यांनी ऐकायचं.