सतलज आलुबुखाऱ्याला फळ धरलं!

एकवीस. आज सकाळी तीनदा मोजली. मटाराएवढी हिरवी फळं, काहींवर फुलाचं वाळकं टोपरं अजून तसंच. ग्वाल्हेरात, लष्करमधल्या आमच्या परसात, चौथ्या वर्षी सतलज पर्पल या जातीच्या झाडाने आलुबुखारे धरलेत.

मागच्या दोन्ही फेब्रुवारीत झाड पांढरंशुभ्र व्हायचं आणि पंधरा दिवसांत खाली नुसता सडा. थंडी कमी पडली, पाणी जास्त झालं, नत्र जास्त झालं, असं मी इथे लिहीत राहिलो. त्यातलं काहीच नव्हतं.

सतलज स्वतःच्या परागावर धरत नाही, शेजारी काला अमृतसरी ही दुसरी जात लागते. लुधियानाच्या कृषी विद्यापीठाची शिफारसही तीच, म्हणून तर दोन्ही रोपं एकाच दिवशी लावली होती. यंदा काळीला पहिल्यांदा फुलं आली, आणि ती गुलाबी! आलुबुखाऱ्याचं फूल पांढरं असतं. खाली बसून खोडाची माती बाजूला केली. कलमाच्या सांध्यावर करंगळीएवढं वाळलेलं लाकूड, आणि सगळं झाड सांध्याच्या खालून फुटलेलं. गेल्या वर्षीची लांब, अरुंद पानं तेव्हा आठवली. हा पीचचा खुंट, म्हणजे ज्यावर कलम बांधतात ते खालचं रोप. कलम केव्हाच मेलेलं, चिठ्ठी मात्र काला अमृतसरीची. तीन वर्षं मी खुंटालाच शेणखत घालत होतो. फार लागलं मनाला. रोप घेताना जोमदार फूट सांध्याच्या वरून आहे ना, हे बोट लावून बघा. चिठ्ठीवर जाऊ नका.

सतलजच्या कळ्या तेव्हा फुगत होत्या, म्हणजे हातात जेमतेम आठवडा. पटियाळ्याच्या भाचीला फोन केला. तिच्या घरमालकांकडे खात्रीची काळी आहे. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या कळ्यांच्या काड्या तिने येणाऱ्या माणसाबरोबर पाठवल्या. त्या पाण्याच्या बाटलीत घालून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवल्या. चौथ्या दिवशी फुलल्या. चिमट्याने पुंकेसर काढून कागदावर रात्रभर सुकवले, सकाळी कागदावर हळदीसारखी चिमूटभर पूड! दोन नंबरच्या मऊ ब्रशने दहाच्या सुमारास, दव उडाल्यावर, पूर्वेकडच्या दोन फांद्यांवर तीन दिवस लावली. कडक केसांचा ब्रश नको, स्त्रीकेसराचं टोक दुखावतं. उरलेल्या काड्या बाटलीसकट झाडातच टांगल्या, मधमाश्यांसाठी.

खुणेसाठी लोकर बांधलेल्या त्या दोन फांद्यांवर एकोणीस फळं आहेत, बाटलीजवळ दोन. बाकी झाड रिकामं. याहून स्पष्ट उत्तर काय हवं?

आता पाणी नियमित, बुंध्याशी पाचटाचं जाड आच्छादन. मेच्या सुरुवातीला पिकतील. पोपटांसाठी जाळी आणली आहे. दुकानातली नायलॉनची जाळी उन्हात वर्षभरात तुटते, थोडे जास्त पैसे देऊन शेतीची घ्या.

पीच उपटायचं ठरवलं होतं. पण हे लिहितानाच वाटतंय, कशाला? मुळं चार वर्षांची, खोड मनगटाएवढं. जानेवारीत झाड निजलेलं असताना वरून कापून त्यावरच काळीच्या काड्या भरू, आलुबुखारा पीचवर चढतोच. आणि तीन काड्या थेट सतलजच्या उत्तरेकडच्या फांदीवर. म्हणजे एक कलम मेलं तरी पराग झाडातच राहील. मे-जूनमध्ये डोळे भरायचा, म्हणजे सालीत एकेक कळी बसवायचा, विचार सोडला, आपल्याकडच्या लूमध्ये डोळा जगवणं मला जमणार नाही.

कोणी एकाच झाडावर दोन जाती चालवल्या असतील तर सांगा, काळीची फांदी सतलजला दाबते का? छाटणी त्या हिशेबाने ठेवतो.