पांढऱ्या रेषांवरून बर्गंडी

फ्रान्समध्ये सायकल चालवायची म्हटलं की बहुतेक जण दोनच नावं सुचवतात: लोआर नदीकाठचा मार्ग आणि दक्षिणेतला मिदी कालवा. दोन्ही सुंदर आहेत, दोन्हींची माहिती ढीगभर मिळते, आणि उन्हाळ्यात दोन्हींवर गर्दीही तेवढीच असते. मला आणि माझ्या मावसबहिणीला शांत रस्ते हवे होते. आम्ही दोघी पुण्यात बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या सायकल राइड, करतो. दोनशे-तीनशे किलोमीटरच्या त्या राइडमधलं बरंचसं अंतर महामार्गाच्या कडेनं, ट्रकांचे हॉर्न ऐकत कापावं लागतं. जगभरच्या बीआरएमना मान्यता देणारा क्लब पॅरिसचा. त्या देशातले गावरस्ते एकदा निवांत पाहायचे, हे आमचं खूप दिवसांपासून ठरलेलं होतं. आम्ही बर्गंडी हा फ्रान्समधला प्रांत निवडला: ओसेरहून निघायचं, मोर्वांच्या डोंगराळ भागातून ओतां, पुढे क्लुनी आणि शेवटी माकाँ.

खरं काम नकाशावर झालं, म्हणून ते आधी सविस्तर सांगते.

फ्रान्समध्ये रस्त्याच्या क्रमांकावरून त्याचा अंदाज येतो. ‘ए’ म्हणजे मोटारींचा महामार्ग, तिथे सायकलला बंदी. ‘एन’ राष्ट्रीय रस्ता, तो टाळायचा. ‘डी’ रस्ते देपार्तमांचे, म्हणजे साधारण आपल्या जिल्हा परिषदेच्या रस्त्यांसारखे. त्यांची लांबी पावणेचार लाख किलोमीटरच्या वर जाते. त्याखाली खुद्द गावांच्या मालकीचे रस्ते, सात लाख किलोमीटरच्या आसपास. देशात सुमारे ३५ हजार ग्रामपालिका आणि नगरपालिका आहेत, आणि लहानशा गावालाही शेजारच्या तीन-चार गावांशी जोडणारे डांबरी रस्ते असतात. लांबची वाहतूक ‘ए’ आणि ‘एन’वर निघून गेल्यामुळे या जाळ्यावर उरतात ते शेतकरी, पोस्टाची पिवळी गाडी आणि आपण.

पण ‘डी’ दिसला की रस्ता शांत असेलच, असं नाही. २००६ साली सुमारे १८ हजार किलोमीटर राष्ट्रीय रस्ते देपार्तमांकडे सोपवले गेले आणि त्यांना ‘डी’ क्रमांक मिळाले. जुना एन ६ आता ओसेरच्या बाजूला डी ६०६ आहे आणि माकाँजवळ डी ९०६. वाहतूक मात्र पूर्वीसारखीच. त्यामुळे सहाशे-नऊशेच्या घरातला क्रमांक दिसला की आम्ही सावध व्हायचो. देपार्तमांची हद्द ओलांडली की त्याच रस्त्याचा क्रमांक बदलू शकतो, हेही लक्षात ठेवावं लागतं. म्हणून सायकलच्या हँडलवर चिकटवलेल्या कागदावर आम्ही क्रमांकांऐवजी पुढच्या गावांची नावं लिहिली.

रंग त्याहून भरवशाचे. मिशलँ कंपनीच्या छापील नकाशावर मोठे रस्ते लाल, मधले पिवळे आणि सगळ्यात लहान पांढरे. पांढऱ्या रेषेच्या कडेला हिरवी पट्टी असेल तर तो निसर्गरम्य, असा रस्ता मिळाला तर सोडायचा नाही. चढावर बाण असतात: एक बाण ५ ते ९ टक्के, दोन बाण ९ ते १३ आणि तीन बाण त्याच्याही वर. सामान लादलेल्या सायकलवर दोन बाणांचा चढ म्हणजे काय, हे सिंहगड चढणाऱ्यांना सांगायला नको.

यानंतरची पायरी फारशी कुणाला माहीत नसते. अनेक देपार्तमां आपल्या ‘डी’ रस्त्यांवरून दिवसाला सरासरी किती वाहनं जातात, याचा नकाशा प्रसिद्ध करतात. आम्ही आमची मर्यादा ठरवली: पाचशेच्या आत असेल तर डोळे मिटून घ्यायचा, हजारापर्यंत चालेल, दोन हजारांच्या वर असेल तर वळसा पडला तरी दुसरा रस्ता. दोन पांढऱ्या तुकड्यांना जोडणारा पिवळा तुकडा टाळता येत नसेल, तर तो सकाळी लवकर किंवा दुपारी बारा ते दोनच्या जेवणाच्या वेळेत पार करायचा, कारण तेव्हा रस्ते आणखी ओस पडतात. शंका येईल तिथे रस्त्याचं छायाचित्र पाहिलं: मधोमध पांढरा पट्टा नसेल तर रस्ता बहुधा आपल्या कामाचा.

व्हिसासाठी रोजच्या मुक्कामाचं आरक्षण आणि ३० हजार युरोंचं विमा संरक्षण दाखवावं लागलं. त्यामुळे ‘जिथे थकू तिथे थांबू’ हा पर्याय उरला नाही. मुक्काम साठ-सत्तर किलोमीटरवर ठेवले, डोंगरात त्याहून जवळ, आणि ते बरंच झालं.

पॅरिसच्या बेर्सी स्टेशनवरून ओसेरला प्रादेशिक गाडी जाते. तिच्यात सायकली उभ्या टांगल्या, वेगळं तिकीट लागलं नाही. टीजीव्हीत, म्हणजे अतिवेगवान गाडीत, न्यायची तर आधी आरक्षण हवं आणि जागा मोजक्या, म्हणून आम्ही तिच्या वाटेला गेलोच नाही.

ओसेरपासून निव्हर्ने कालव्याची वाट, कुठे डांबर, कुठे दाबलेली खडी. ३२ मिमीचे टायर पुरले. उजवीकडून चालवायची सवय लावायला मोटारी नसलेल्या वाटेइतकी चांगली जागा नाही. सोळाव्या शतकापासून मोर्वांच्या जंगलातलं जळाऊ लाकूड योन नदीत सोडून, तराफे बांधून पॅरिसला वाहून नेत. त्या लाकडाची ने-आण सोपी व्हावी म्हणून हा कालवा खोदला गेला. बोटींना पाण्याच्या एका पातळीवरून दुसरीवर नेणारे त्याच्या जलपाशांचे बरेच दरवाजे आजही हातानं फिरवतात. शातेल-सांस्वारला कालवा सोडून आम्ही व्हेझलेकडे वळलो, आणि इथून पांढऱ्या रेषा सुरू झाल्या. टेकडीवरच्या ज्या व्हेझलेत ११४६ साली दुसऱ्या धर्मयुद्धाची हाक दिली गेली, तिथे आज शिंपला लटकवलेल्या पाठपिशव्या घेऊन स्पेनमधल्या सांतियागो या तीर्थक्षेत्री निघालेले पदयात्री भेटतात.

मोर्वांमध्ये तासन्‌तास एकही मोटार आली नाही, असं झालं. जी आली ती मागे थांबली, वळण सरेपर्यंत थांबली, आणि मग पलीकडच्या बाजूनं गेली. गावाबाहेर सायकलपासून दीड मीटर अंतर ठेवायचा तिथे कायदा आहे आणि गावाकडचे चालक तो पाळतात. उलट आपल्यालाही एक नियम अंगी बाणवावा लागतो: गावात उजवीकडच्या गल्लीतून येणाऱ्याचा हक्क पहिला, मग ती गल्ली कितीही अरुंद असो. पिवळ्या चौकटीची पाटी असेल तरच हक्क आपला. दुसरी पाटी ‘ग्राव्हियों’ची. उन्हाळ्यात रस्त्यांवर डांबर शिंपडून त्यावर सुटी बारीक खडी पसरतात आणि ती दाबायचं काम येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांवर सोडतात. ओस रस्त्यावर ती आठवडाभर तशीच राहते. उतारावर ही पाटी दिसली की वेग आधीच कमी करायचा, खडीवर ब्रेक दाबायचे नाहीत.

हे रस्ते इतके शांत का, याचं उत्तर वाटेतल्या बंद खिडक्यांनी दिलं. वाटेतल्या निएव्र देपार्तमांमध्ये चौरस किलोमीटरमागे जेमतेम तीस माणसं राहतात. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात ती ३६५ होती. एकोणिसाव्या शतकात मोर्वांच्या बायका दाई म्हणून श्रीमंतांच्या बाळांना दूध पाजायला पॅरिसला जात, स्वतःची तान्ही मुलं मागे ठेवून. पहिल्या महायुद्धानं पुरुष नेले. जवळपास प्रत्येक गावात त्यांच्या नावांचा दगड आहे, आणि काही ठिकाणी त्यावरची नावं आज उघड्या असलेल्या घरांहून जास्त वाटली. माँसोश गाव जर्मन सैन्यानं जून १९४४ मध्ये जाळलं, ते नंतर पुन्हा उभं राहिलं. त्यानंतर तरुण मंडळी शहरांकडे गेली. आम्ही ज्या शांततेसाठी इतक्या लांब आलो, ती या लोकांनी निवडलेली नव्हती, आणि हे कळल्यावर त्या गावांमधून नुसतं वेगानं निघून जाणं मला जमेना. गावात बेकरी उघडी असली की गरज नसली तरी आम्ही थांबायचो, आधी ‘बाँझूर’ म्हणायचो, मग पाव घ्यायचो. कुठून आलात, असं विचारलं जायचंच; नकाशात पुणे दाखवलं की शेजारच्या आजी बाहेर यायच्या.

पण बेकरी उघडी असेलच असं नाही. सोमवारी बऱ्याच बंद, दुपारी जवळजवळ सगळं बंद. काही गावांत आता पावाचं यंत्र आहे, नाणं टाकलं की ‘बागेत’ नावाचा लांब पाव बाहेर येतो. आमच्यासारख्या शाकाहाऱ्यांनी एक दिवसाचं खाणं नेहमी सोबत ठेवावं: पाव, टोमॅटो, बकरीच्या दुधाचं चीज आणि घरून नेलेली मेतकुटाची पुडी. पाण्यासाठी दफनभूमी शोधायची. तिथे फुलांना घालायला नळ असतो. ‘पिण्यायोग्य नाही’ अशी पाटी नाही ना, एवढं बघायचं. बहीण पहिल्यांदा जरा अडखळली, मग तिथल्या सावलीत बसून जेवलीही.

ओतांनंतर डोंगर संपले. जिव्री ते क्लुनी हा जुन्या रेल्वेमार्गावरचा सायकलमार्ग १९९७ मध्ये सुरू झाला, फ्रान्समधला अशा प्रकारचा पहिला. सपाट, गुळगुळीत, द्राक्षमळ्यांतून जाणारा. पुढे माकाँच्या वाटेवर दीड किलोमीटरहून लांब, थंडगार बोगदा आहे. वटवाघळांसाठी तो हिवाळ्यात बंद ठेवतात, तेव्हा जाणार असाल तर वरच्या खिंडीतला चढ धरून चाला.

बीआरएम करणाऱ्यांची मोठी राइड, पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस, पुढची २०२७ मध्ये आहे. महाराष्ट्रातून जाणाऱ्यांनी परतीचं तिकीट आठवडाभर पुढचं काढावं. सायकल तिथे असतेच, पाय चार दिवसांत मोकळे होतात, आणि मोर्वां पॅरिसहून एका गाडीच्या अंतरावर आहे. फक्त ऑगस्टमध्ये बेकरीवालेही सुट्टीवर जातात, तेव्हा मुक्कामाच्या घरी जेवणाचं आधी विचारून ठेवा.