शफल बंद करून

काल रात्री भांडी घासता घासता ब्रिटिश गायिका ॲडेलचा '३०' हा अल्बम लावला आणि तिसऱ्या गाण्यालाच नळ बंद करून ओल्या हातांनी तशीच उभी राहिले. पहिल्यांदा ऐकत नव्हते हां, पाठ आहे मला तो अल्बम, तरीपण.

अल्बमला स्वतःच्या वयाचा आकडा द्यायची बाईंची जुनी सवय. '१९' आला २००८ ला, '२१' आला २०११ ला, मग २०१५ ला '२५' आणि थेट २०२१ ला '३०', म्हणजे तोवर ती ३३ ची झालेली, पण हा आकडा संसार मोडला त्या वर्षाचा.

'२१' आला तेव्हा मीपण कुणावर तरी जाम चिडलेली होते त्यामुळे तो अल्बम माझ्यासाठीच काढलाय अशी खात्रीच होती. त्यात सगळी वसुली समोरच्याकडून, तू असं केलंस, तू तसं केलंस, बघ आता कसा पस्तावतोस, आणि आवाज असा की भिंतीचे पोपडे पडावेत. सहा ग्रॅमी पुरस्कार मिळाले, मिळायलाच हवे होते. पण '३०' मध्ये घर सोडून निघालेली तीच आहे, मग आता शिव्या घालणार कुणाला? इथेच मला ती मोठी झालेली दिसते. रडते अजूनही, पण बोट दुसऱ्याकडे नाही.

ते तिसरं गाणं म्हणजे मुलाशी बोलणं. मधेमधे घरात रेकॉर्ड केलेले खरेखुरे संवाद आहेत. आई त्याला सांगते की माझा गोंधळ उडालाय, मी काय करतेय तेच मला नीट कळत नाहीये, आणि तो पोरगा अगदी सरळ विचारतो, अजिबातच नाही? बस. एवढंच. मागे कोरस वगैरे चालू असतो पण त्या एका प्रश्नापुढे तो कुणाला ऐकू येतोय! आणि शेवटी तर तिचा स्वतःचा रडवेला व्हॉइस मेसेज, सूर नाही, ताल नाही. '२१' वाल्या ॲडेलने हे ठेवलंच नसतं, तिने तिथे एक मोठी तान मारली असती.

शेवटून दुसऱ्या गाण्यात फक्त पियानो आहे आणि जवळपास सात मिनिटं ती गळा अक्षरशः फाडते. हिच्या स्वरयंत्राचं २०११ मध्ये ऑपरेशन झालंय हे माहीत असेल तर ऐकताना आपल्याच घशात दुखायला लागतं. आवाज चिरकतो तिथे तिने पुन्हा टेक घेऊन तो गुळगुळीत केला नाही, मला त्याचंच कौतुक जास्त.

सगळंच ग्रेट नाहीये अर्थात. मधे एक गिटार आणि शिट्टीवालं गाणं आहे, ते दुसऱ्याच कुणाच्या अल्बममधून चुकून इकडे आल्यासारखं वाटतं.

बाईंचा आग्रह असा की गाणी ज्या क्रमाने लावलीत त्याच क्रमाने ऐका, आणि तिच्या सांगण्यावरून स्पॉटिफाय ॲपने अल्बमच्या पानावरचं शफलचं, म्हणजे गाणी उलटसुलट क्रमाने लावायचं, बटणच पुढून काढून मागे टाकलं. मी ऐकते बापडी क्रमाने. फक्त ते शिट्टीवालं आलं की ओल्या बोटानेच स्किप, तिला कळवू नका.