आमची वाटचाल : लाख, डाख आणि तीन झीलकरी

आमचं दुकान म्हणजे गिरगावातल्या चाळीतली तळमजल्याची एक खोली. आबा तिथे बँडवाल्यांची वाद्यं दुरुस्त करत. लग्नसराईभर कोणी फिरकत नसे. चातुर्मास लागला की चेपलेले ट्रंपेट आणि वाकलेली युफोनियम पोत्यात घालून सगळे दारात. पोचे काढायचे, सुटलेल्या सांध्यांना डाख द्यायचा, अडकलेले पिस्टन मोकळे करायचे. वर्षाची कमाई त्या चार महिन्यांची.

मी हाताखाली आलो तोवर वरातीत डीजे शिरला होता आणि पोती कमी झाली होती. अशात वांद्र्याहून एक मुलगा टेनर सॅक्सोफोन घेऊन आला. सोल आणि ब्लूज हे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं संगीत वाजवणारा त्यांचा बँड होता. म्हणाला, "काका, खालचे सूर बोलतच नाहीत." दिवे मालवून नळीत बारीक बल्ब सोडला, तर वाद्याचं भोक झाकणाऱ्या एका पॅडच्या, म्हणजे गादीच्या, कडेने उजेडाची रेघ दिसली. तिथूनच हवा निसटत होती. त्याचा कार्यक्रम त्याच रात्री, म्हणून मी लाख न वापरता झटपट गोंदाने पॅड चिकटवलं. तिसऱ्या गाण्यात ते गळून पडलं. दुसऱ्या दिवशी आबा काही बोलले नाहीत, फक्त लाखेची कांडी माझ्यासमोर ठेवली. लाख पुन्हा तापवून पॅड केसभर सरकवता येतं आणि ते भोकावर नीट टेकतं. त्या दिवसापासून दुकानात गोंद नाही.

तो मुलगा तरीही परत आला, हे आमचं भाग्य. त्याच्यामागून ट्रंपेट आला, ट्रॉम्बोन आला, मग दुसरे बँड. या संगीतात पितळी वाद्यांचं काम शाहिरामागच्या झीलकऱ्यांचं. गायकाने ओळ टाकली की तिघांनी एका श्वासात उत्तर द्यायचं, आखूड आणि ठोक्यावर. अमेरिकेतल्या मेंफिस शहरात वेन जॅक्सनचा ट्रंपेट आणि अँड्र्यू लव्हचा टेनर असेच एका गळ्यातून आल्यासारखे वाजत. ते वाजवत तो स्टॅक्स रेकॉर्डिंग स्टुडिओ जुन्या सिनेमा थिएटरात होता, जमीन उतरतीच ठेवलेली. सोल गायक ओटिस रेडिंग तिथे या वाद्यांच्या ओळी तोंडाने गुणगुणून सांगायचा. तिघांपैकी एकाच्या वाद्यातून जरी हवा निसटली, तरी ते उत्तर फाटतं. म्हणून आता आम्ही दुपारच्या साउंडचेकलाच जातो. पावसाळ्यात सॅक्सोफोनचं जी-शार्प या सुराचं पॅड चिकटतं, ते कागद घालून कोरडं करतो. एसी हॉलमध्ये पितळ गार पडून सूर उतरतो, म्हणून वाजवायच्या आधी वाद्यं फुंकून गरम करायला लावतो.

गेल्या हिवाळ्यात आबांना एका कार्यक्रमाला नेलं. बारा बारची, म्हणजे बारा तालखंडांच्या चक्राची, ब्लूज सुरू झाली आणि खुर्च्या भिंतीला लागल्या. साठीतलं एक जोडपं हात धरून गिरक्या घेत होतं, कॉलेजची पोरं त्यांना जागा करून देत होती. झील आली की सगळा हॉल एकदम उसळायचा. ट्रॉम्बोनवाल्याने मधेच नळीतलं पाणी झटकलं, ते आबांच्या चपलेवर उडालं. त्यांचं लक्षच नव्हतं. कान पुढे करून ते टेनरवाल्याच्या बोटांकडे बघत होते.

गाणं संपल्यावर माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "खालचा सूर गच्च बसलाय रे."